अणू लहान की मोठा? मूलद्रव्यं आकाराच्या क्रमाने लावायची रीत

दहावीच्या मुलांना मी दर वर्षी एक प्रश्न विचारते. चांदीचा अणू मोठा की सोन्याचा? वर्ग एका सुरात सांगतो, सोन्याचा. कारणंही तयार असतात. सोन्याचा अणुअंक ७९, चांदीचा ४७. सोनं हाताला कितीतरी जड लागतं. शिवाय आवर्तसारणीत ते चांदीच्या बरोबर खाली बसलंय, आणि खाली जाताना अणू मोठा होतो हे पाठ आहेच. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी उत्तर चुकतं, कारण धातूच्या रूपात दोघांचीही अणुत्रिज्या १४४ पिकोमीटर भरते.

‘त्रिज्या गणात खाली वाढते, आवर्तात उजवीकडे घटते’ (गण म्हणजे सारणीतला उभा रकाना, आवर्त म्हणजे आडवी ओळ) एवढं एक वाक्य पाठ केलं की परीक्षेतले बरेचसे प्रश्न सुटतात. पण ते वाक्य कशामुळे खरं आहे हे कळलं नाही, तर सोन्या-चांदीसारख्या ठिकाणी आपण हमखास फसतो. म्हणून रीत सांगताना प्रत्येक पायरीचं कारणही सांगते. वही-पेन्सिल आणि समोर आवर्तसारणी एवढं घेऊन बसा.

सुरुवात: माप कसलं आहे ते बघा

अणूला चेंडूसारखी कडा नसते. इलेक्ट्रॉनांचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो आणि अमुक ठिकाणी संपला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. मग माप घेतात ते शेजारच्या दोन अणूंच्या केंद्रकांमधल्या अंतराचं, आणि ते निम्मं करतात. क्लोरिनच्या रेणूत हे अंतर सुमारे १९८ पिकोमीटर, म्हणून क्लोरिनची सहसंयुज त्रिज्या ९९. तांब्याच्या स्फटिकात शेजारचे अणू २५६ पिकोमीटरवर, म्हणून तांब्याची धात्विक त्रिज्या १२८. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक.

राजवायूंची गोष्ट निराळी. ते कुणाशी सहजी बंध करत नाहीत, त्यामुळे नुसते एकमेकांना टेकलेले दोन अणू घेऊन त्यांच्या अंतराचं निम्मं काढावं लागतं. त्याला व्हॅन डर वाल्स त्रिज्या म्हणतात. आरगॉनची ती भरते १८८. आता मुलं ओळीने आकडे वाचत येतात, सल्फर १०४, क्लोरिन ९९ आणि पुढे एकदम १८८, आणि गोंधळून जातात. अणू फुगला कसा? तो फुगलेला नाही, मोजपट्टी बदलली आहे. त्याच मोजपट्टीने क्लोरिन मोजला तर तोही १७५ वर जातो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच प्रकारच्या त्रिज्येचे आहेत का ते बघा. राजवायूंना तर, प्रश्नात मुद्दाम दिले नसतील तर, क्रमातून बाहेरच ठेवा.

एक कबुलीही देऊन टाकते. पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यांत धातूंची धात्विक आणि अधातूंची सहसंयुज त्रिज्या एकाच ओळीत छापलेली असते. हे काटेकोर नाही, पण क्रम शिकायला चालतं. खाली मीही तेच आकडे घेतले आहेत. तुमच्या पुस्तकात एखादा आकडा चार-पाचने वेगळा दिसेल, त्याने घाबरू नका.

पत्ता लिहा

ज्या मूलद्रव्यांची तुलना करायची त्या प्रत्येकाचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते, लिहा. सोडिअम २, ८, १. क्लोरिन २, ८, ७. पोटॅशिअम २, ८, ८, १. आकडे किती आहेत ते मोजा, तेवढी कवचं आणि तोच आवर्ताचा क्रमांक. शेवटचा आकडा गण सांगतो. ही पायरी मुलांना कंटाळवाणी वाटते आणि ती टाळूनच चुका होतात. पत्ता लिहिला नाही की डोळा आपोआप अणुअंकाकडे किंवा अणुवस्तुमानाकडे जातो, आणि अणुवस्तुमानाला या हिशेबात काहीच काम नाही.

एकाच गणातले असतील तर कवचं मोजा

पहिल्या गणाचे आकडे बघा: लिथिअम १५२, सोडिअम १८६, पोटॅशिअम २२७, रुबिडिअम २४८, सिझिअम २६५. दर पायरीला एक कवच वाढतं आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून आणखी लांब जाऊन बसतो. इथवर सरळ आहे. पण या आकड्यांमधली वाढ मोजून बघा. ३४, मग ४१, मग एकदम २१, आणि शेवटी १७. पोटॅशिअमनंतर वाढीचा जोर ओसरतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एकाच आवर्तातले असतील तर ओढ मोजा

तिसरं आवर्त: सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, ॲल्युमिनिअम १४३, सिलिकॉन ११७, फॉस्फरस ११०, सल्फर १०४, क्लोरिन ९९. इलेक्ट्रॉन वाढत चाललेत आणि अणू मात्र आक्रसतोय. नव्याने शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नवा इलेक्ट्रॉन येतो तो त्याच तिसऱ्या कवचात येतो, आणि त्याच वेळी केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला केंद्रकाची पूर्ण ओढ जाणवत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन आडोसा करतात. आडोसा वजा जाता उरलेली ओढ म्हणजे अकरावीच्या पुस्तकातला इफेक्टिव्ह न्यूक्लिअर चार्ज. ती अंदाजाने काढायची सोपी रीत जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये दिली. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन निवडा. त्याच्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ आडोसा करतो. लगतच्या आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५. त्याहून आतला प्रत्येक पूर्ण १. ही बेरीज अणुअंकातून वजा करायची.

सोडिअम घ्या. बाहेर सोबती कुणी नाही. लगतच्या कवचात ८, म्हणजे ८ गुणिले ०.८५ बरोबर ६.८. सगळ्यात आत २. एकूण आडोसा ८.८. ११ वजा ८.८ बरोबर २.२.

आता क्लोरिन. सोबती सहा, म्हणजे २.१. लगतचे आठ, ६.८. आतले दोन, २. बेरीज १०.९. १७ वजा १०.९ बरोबर ६.१.

कवच तेच, तिसरं. ओढ मात्र जवळपास तिप्पट. शेजारी बसलेले सोबती एकमेकांना फार कमी आडोसा करतात, म्हणून दर नव्या प्रोटॉनाचा बराचसा जोर शिल्लक राहतो आणि ढग आत खेचला जातो. हे गणित स्वतःच्या हाताने एकदा केलंत की ‘उजवीकडे घटते’ हे पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

त्याच रीतीने पोटॅशिअम करून बघा. लगतच्या कवचातले आठ म्हणजे ६.८, त्याच्या आतले दहा म्हणजे १०, एकूण १६.८, आणि १९ मधून वजा जाता पुन्हा २.२. सोडिअमला जितकी ओढ, तितकीच पोटॅशिअमला, पण इलेक्ट्रॉन एक कवच लांब. गणात खाली अणू का मोठा होतो याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

गणही वेगळा, आवर्तही वेगळं: मधला दुवा शोधा

समजा पोटॅशिअम, फ्लुओरिन, मॅग्नेशिअम आणि सल्फर उतरत्या क्रमाने लावायचे आहेत. पोटॅशिअम आणि मॅग्नेशिअम थेट जुळत नाहीत, पण मध्ये सोडिअम आहे. पोटॅशिअम सोडिअमपेक्षा मोठा, कारण गण एक. सोडिअम मॅग्नेशिअमपेक्षा मोठा, कारण आवर्त एक. मॅग्नेशिअम आणि सल्फर एकाच आवर्तातले, तिथे मॅग्नेशिअम मोठा. सल्फरकडून फ्लुओरिनकडे जायला क्लोरिनचा दुवा घ्या: सल्फर क्लोरिनपेक्षा मोठा, क्लोरिन फ्लुओरिनपेक्षा मोठा. क्रम लागला. आकडे २२७, १६०, १०४, ६४.

दुवा तेव्हाच चालतो जेव्हा दोन्ही पावलं एकाच दिशेचा निकाल देतात. वर आणि उजवीकडे गेलात तर दोन्हींनी घट, ठीक. खाली आणि डावीकडे गेलात तर दोन्हींनी वाढ, तेही ठीक. पण खाली आणि उजवीकडे एकदम गेलात तर? लिथिअम आणि मॅग्नेशिअम तसे तिरपे शेजारी आहेत. एक पाऊल खाली म्हणजे वाढ, एक पाऊल उजवीकडे म्हणजे घट, आणि कोण कुणावर मात करतं हे नियम सांगत नाही. आकडे १५२ आणि १६०, म्हणजे जवळजवळ सारखे. अशा वेळी अंदाजपंचे उत्तर लिहू नका, तक्ता उघडा. या सारखेपणाचा रसायनशास्त्रात परिणामही दिसतो. पहिल्या गणात थेट नायट्रोजनशी संयोग पावणारा लिथिअम एकटाच, आणि मॅग्नेशिअमही हवेत जळताना थोडं नायट्राइड बनवतो.

आयन आले की हिशेब वेगळा

अणूने इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले की त्याचा आयन होतो. सोडिअमने बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन दिला की तिसरं कवचच रिकामं होतं. १८६ वरून त्रिज्या थेट १०२ वर येते. क्लोरिनला एक इलेक्ट्रॉन जास्त मिळाला की केंद्रक तेच राहून आतली ढकलाढकल वाढते आणि ९९ चे १८१ होतात. म्हणजे अणू असताना सोडिअम मोठा, आणि आयन झाल्यावर क्लोराइड मोठा. प्रश्नात ‘अणू’ लिहिलंय की ‘आयन’, ते दोनदा वाचा.

स्वयंपाकघरातला मिठाचा एक दाणा बोटावर घ्या. उन्हात धरलात तर त्याच्या चौकोनी कडा चमकतील. त्यात सोडिअम आणि क्लोराइड आलटून पालटून बसलेले असतात आणि शेजारच्या दोघांच्या केंद्रकांतलं अंतर असतं २८२ पिकोमीटर. १०२ आणि १८१ ची बेरीज करा, २८३. तक्त्यातल्या दोन त्रिज्या मिठात अशा एकमेकींना येऊन भिडतात. दाण्याची कड ०.३ मिलिमीटर धरली तर तेवढ्या कडेवर साधारण साडेदहा लाख आयन ओळीने उभे असतील.

परीक्षकांना आवडणारा आणखी एक प्रकार आहे: सगळ्यांकडे इलेक्ट्रॉन सारखेच. ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडिअम, मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअमचे आयन घ्या. प्रत्येकाकडे १० इलेक्ट्रॉन. मग प्रोटॉन मोजा, ८ पासून १३ पर्यंत. जास्त प्रोटॉन, जास्त ओढ, लहान आयन: १४०, १३३, १०२, ७२, ५४ (अणुअंक १० हा निऑनचा, तो इथे नाही). इथे गण-आवर्ताकडे बघायचंच नाही.

नियम मोडतो ती ठिकाणं

ॲल्युमिनिअमच्या खाली गॅलिअम. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ज्याची जागा रिकामी ठेवून गुणधर्म सांगितले आणि जे १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडलं, तेच हे मूलद्रव्य. एक कवच जास्त, म्हणजे मोठं हवं. पुस्तकात बघाल तर ॲल्युमिनिअम १४३, गॅलिअम १३५. कारण या दोघांच्या मधे संक्रामक धातूंची (सारणीच्या मधल्या पट्ट्यातल्या लोह, तांबं अशा धातूंची) ओळ येऊन गेली आहे. तिथे दहा इलेक्ट्रॉन आतल्या, तिसऱ्या कवचाच्या डी उपकवचात भरले गेले, आणि हे इलेक्ट्रॉन आडोसा करण्यात कच्चे. प्रोटॉन मात्र दहा वाढले. स्लेटरच्या रीतीने ॲल्युमिनिअमची ओढ येते ३.५ आणि गॅलिअमची ५. जास्तीच्या कवचाने जे मिळवलं ते या ओढीने परत घेतलं. पोटॅशिअमनंतर रुबिडिअमची वाढ कमी पडली होती ना, तिच्यामागेही हाच कच्चा आडोसा आहे. खुद्द संक्रामक धातूंच्या ओळीतही उजवीकडे जाताना आकार फारसा हलत नाही: लोह १२६, कोबाल्ट १२५, निकेल १२४, तांबं १२८. तिथे नियम ताणून लावायला जाऊ नका.

यापेक्षा मोठा धक्का सहाव्या आवर्तात बसतो. लँथॅनमनंतर चौदा मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉन एफ उपकवचात भरतात. त्यांचा आडोसा आणखी दुबळा. लँथॅनमची त्रिज्या १८७, ल्युटेशिअमची १७४, म्हणजे ओळ संपेपर्यंत अणू चांगलाच आवळला जातो. त्यानंतर येणारा हाफ्निअम आपल्या वरच्या झिर्कोनिअमपेक्षा मोठा असायला हवा होता. तो भरतो १५९, झिर्कोनिअम १६०.

आकार सारखा, बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून रासायनिक वागणूकही सारखी. झिर्कोनिअमची ओळख १७८९ मध्ये पटली, आणि त्याच्याच खनिजात दडलेलं हाफ्निअम सापडायला १९२३ साल उजाडलं. कोपनहेगनमध्ये डर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेवेशी यांनी ते क्ष-किरणांनी ओळखलं, आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरूनच त्याला नाव दिलं. हा सारखेपणा अणुभट्टीत फार महागात पडतो. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रात इंधन झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेलं असतं, कारण झिर्कोनिअम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हाफ्निअम शेकडो पटींनी जास्त गिळतं. त्यामुळे नळ्या बनवण्याआधी हे दोन जुळे वेगळे करावेच लागतात, आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात ते काम चालतं. एका पिकोमीटरचा फरक असलेले दोन अणू वेगळे काढणं किती किचकट असेल, याचा विचार केला की तक्त्यातल्या आकड्यांबद्दल मला नेहमी नव्याने आदर वाटतो.

सोन्या-चांदीचंही उत्तर आता तुमच्याकडे आहे. त्या दोघांच्या मधे हीच चौदा मूलद्रव्यांची ओळ येते. सोन्याच्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेगही प्रचंड होतो, आणि त्यानेही अणू आणखी आत ओढला जातो. आकार एकसारखा म्हणून सोनं आणि चांदी कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. तांबं थोडं लहान, १२८, तरी फरक ११ टक्क्यांच्या आसपास. दोन धातूंच्या अणूंच्या आकारात १५ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर ते एकमेकांच्या स्फटिकात चांगले सामावतात, असा विल्यम ह्यूम-रोदरी यांचा नियम आहे. सोनाराकडच्या ९१६ दागिन्यात सोन्याच्या जागांवर चांदी-तांब्याचे अणू बसू शकतात ते यामुळेच.

घरबसल्या पडताळा

तक्ता हाताशी नसेल तर धातूंसाठी एक जुनी युक्ती आहे. अणुवस्तुमानाला घनतेने भागा. मिळेल तो अणुघनफळाचा आकडा. लोथार मायर यांनी १८७० मध्ये याच आकड्यांचा आलेख काढला होता, आणि त्यात सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम ही मंडळी शिखरांवर दिसली होती. अणूंची मांडणी प्रत्येक धातूत सारखी नसते, त्यामुळे याने अगदी बारीक फरक ठरवू नका, पण ढोबळ क्रम छान कळतो.

चांदी: १०७.८७ भागिले १०.४९, उत्तर १०.३. सोनं: १९६.९७ भागिले १९.३, उत्तर १०.२. तांबं: ६३.५५ भागिले ८.९६, उत्तर ७.१. पोटॅशिअम: ३९.१ भागिले ०.८६, उत्तर ४५ च्या वर.

आता स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनिअमचं पातेलं समोर ठेवा आणि तेच गणित करा. २६.९८ भागिले २.७०. उत्तर येतं ९.९९. पातेल्यातला एक घन सेंटिमीटर तुकडा २.७ ग्रॅमचा, तेवढाच सोन्याचा तुकडा १९.३ ग्रॅमचा, आणि दोन्हींत अणूंची संख्या जवळजवळ एकच.